'मायसेल्फ' कुठे लावायचं आणि कुठे नाही: इंग्रजीतली आत्मवाचक सर्वनामं, मराठी माणसासाठी

इंटरव्ह्यू ऐरोलीच्या आयटी पार्कमध्ये असो, महापेच्या एमआयडीसीत असो की ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये, पहिला प्रश्न बहुतेक ठरलेला असतो: "टेल मी समथिंग अबाउट युअरसेल्फ." आणि उत्तर येतं, "मायसेल्फ सचिन, आय ॲम फ्रॉम कळवा." मुलगा हुशार असतो, काम त्याला येत असतं, पण पहिल्याच शब्दाला गाडी अडते.

नोकरीच्या तयारीत असलेल्या मुलामुलींना मी ठाण्यात संध्याकाळी इंग्रजी शिकवते. 'मायसेल्फ' का वापरलंस असं विचारलं की बहुतेक जण एकच कारण सांगतात: नुसतं 'आय' म्हणणं उद्धट वाटतं, 'मायसेल्फ' जरा नम्र वाटतं. मला यात त्यांचा दोष दिसत नाही, कारण मराठीत आदर सर्वनामातूनच दाखवला जातो. तू, तुम्ही, आपण. सासऱ्यांना 'तू' म्हटलं तर घरात काय होईल ते वेगळं सांगायला नको. ही सवय घेऊन आपण इंग्रजीत जातो, तिथे आदराचं सर्वनाम शोधतो, ते मिळत नाही, मग लांबलचक 'मायसेल्फ' आणि 'युअरसेल्फ' हाताशी येतात. इंग्रजीत मात्र नम्रता 'प्लीज', 'वुड यू', 'कुड आय' अशा शब्दांतून आणि बोलण्याच्या सुरातून येते. 'सेल्फ'वाल्या शब्दांचं काम निराळं आहे. ते काम एकदा कळलं की निम्मा गोंधळ तिथेच संपतो.

एक खुलासा आधीच करते. इंग्रजीतला 'एम-ई' हा शब्द देवनागरीत 'मी' असाच लिहावा लागतो आणि आपला मराठी 'मी'ही तोच दिसतो. म्हणून इंग्रजी शब्दाचा स्वतंत्र उल्लेख येईल तिथे मी 'एमई' असं लिहिणार आहे.

पायरी १: रूपं नीट पाठ करा

रूपं आठ आहेत. आय-मायसेल्फ, यू-युअरसेल्फ, ही-हिमसेल्फ, शी-हरसेल्फ, इट-इटसेल्फ, वी-अवरसेल्व्हज, एकाहून जास्त माणसांच्या 'यू'साठी युअरसेल्व्हज आणि दे-देमसेल्व्हज. शिवाय 'वन' या सर्वसाधारण कर्त्यासाठी 'वनसेल्फ' आहे, पण ते औपचारिक लिखाणातच जास्त भेटतं.

इथे दोन गोष्टी चुकतात. पहिली स्पेलिंगची: अनेकवचनात शेवटचा 'एफ' जाऊन 'व्हीईएस' येतं, जसं नाइफचं नाइव्हज होतं. 'अवरसेल्फ्स' असा शब्द नाही. दुसरी म्हणजे 'हिजसेल्फ' आणि 'देअरसेल्व्हज'. माय, युअर, अवर यांना सेल्फ जोडतात, मग हिज आणि देअर यांनाही जोडू, असं मन म्हणतं. तर्क बरोबर आहे, पण प्रमाण इंग्रजीत ते चालत नाही. 'ही' आणि 'दे' यांच्याबाबतीत हिम आणि देम यांनाच सेल्फ जोडतात. आणि हे सगळे शब्द जोडून लिहायचे. 'माय सेल्फ' असे दोन तुकडे करायचे नाहीत.

पायरी २: करणारा कोण, आणि ते पडलं कोणावर?

मूळ नियम हा एकच. वाक्यात जो क्रिया करतो, तिचा परिणाम त्याच्यावरच होत असेल तर सेल्फ. परिणाम दुसऱ्यावर होत असेल तर साधं सर्वनाम.

कांदा चिरताना आईचं बोट कापलं: "आई कट हरसेल्फ." न्हाव्याच्या हातून बाबांच्या गालाला वस्तरा लागला: "द बार्बर कट हिम." इथे 'हिमसेल्फ' म्हटलं तर न्हाव्याने स्वतःलाच कापून घेतलं असा अर्थ होईल.

आता "मायसेल्फ सचिन" या कसोटीवर घासून बघा. क्रिया आहे का? नाही. क्रिया परत फिरून कोणावर येते आहे का? तेही नाही. 'मायसेल्फ'ला मागे बघायला वाक्यात 'आय' लागतो. तो आधी आलेला नसेल, तर हा शब्द एकटा उभा राहू शकत नाही. म्हणून "आय ॲम सचिन" किंवा "माय नेम इज सचिन". फोनवर असाल तर "धिस इज सचिन". मराठीत "मी सचिन" हे क्रियापदाशिवाय पूर्ण वाक्य आहे. इंग्रजीत 'ॲम' गाळता येत नाही. "लेट मी इंट्रोड्यूस मायसेल्फ" मात्र बरोबर आहे, कारण ओळख करून देणारी मी आणि ओळख माझीच.

आज्ञार्थी वाक्यात कर्ता दिसत नाही, पण तो 'यू' असतो. म्हणून ऑनलाइन मीटिंगमध्ये एकाला सांगताना "प्लीज म्यूट युअरसेल्फ" आणि सगळ्यांना सांगताना "प्लीज म्यूट युअरसेल्व्हज".

पायरी ३: मराठी वाक्यातल्या खुणा ओळखा

मराठीत आधी विचार करून मग इंग्रजीत बोलणाऱ्यांनी लाजायचं कारण नाही. उलट मराठीच इथे बऱ्याच खुणा देते, फक्त त्या 'स्वतः' या एकाच शब्दात शोधू नका.

'स्वतःला' आलं की बहुधा सेल्फ येणारच. "मी स्वतःला भाग्यवान समजते": "आय कन्सिडर मायसेल्फ लकी." 'स्वतःशी' आलं तरी तेच: "ती स्वतःशीच हसली" म्हणजे "शी स्माइल्ड टू हरसेल्फ".

'करून घेणे' ही माझी सर्वांत आवडती खूण. "मी चहा करून दिला" आणि "मी चहा करून घेतला" यांतला फरक मराठी पोराला शिकवावा लागत नाही. दिला तो दुसऱ्याला, घेतला तो स्वतःसाठी. इंग्रजीत हे 'घेतला' सेल्फमधून येतं: "आय मेड मायसेल्फ अ कप ऑफ टी." घरी आलेल्या एखाद्या पाहुण्याला आपण म्हणतो, "लाजू नका, वाढून घ्या." त्याचं अगदी नेमकं इंग्रजी "प्लीज हेल्प युअरसेल्फ". पण प्रत्येक 'घेणे' असं नसतं. "पटकन जेवून घे" यात घाई आहे, तिथे सेल्फचा संबंध नाही.

'आपोआप' आणि 'आपलं आपण' यांना 'बाय' जोडून सेल्फ: "दार आपोआप बंद झालं" म्हणजे "द डोअर क्लोज्ड बाय इटसेल्फ". माणसाच्या बाबतीत 'बाय हरसेल्फ'चे दोन अर्थ होतात, एकटीने आणि कोणाच्या मदतीशिवाय. "माय ग्रँडमदर ट्रॅव्हल्स फ्रॉम नेरुळ टू ठाणे बाय हरसेल्फ" यात आजीच्या सोबत कोणी नसतं. "शी फिल्ड इन द फॉर्म बाय हरसेल्फ" यात तिने कोणाकडून फॉर्म भरून घेतला नाही.

उलट 'स्वतःचा, स्वतःची, स्वतःचं' मालकी दाखवत असेल तर सेल्फ नाही, 'ओन'. ("स्वतःची काळजी", "स्वतःची ओळख" यांत मालकी नाही, तिथे सेल्फच येतो.) "नेरुळला आमचं स्वतःचं घर आहे": "वी हॅव अवर ओन हाउस इन नेरुळ." सेल्फवाल्या शब्दांना 'चा-ची-चे'चं रूपच नाही. "सेल्फ हाउस", "सेल्फ बाइक" ही आपल्याकडची जोडकामं ठाण्याबाहेर कोणाला कळायची नाहीत. आणि जिथे मराठीत नुसतं 'आपली' येतं, "तिने आपली बॅग उचलली", तिथे साधं 'हर' पुरतं: "शी पिक्ड अप हर बॅग."

पायरी ४: आदरार्थी अनेकवचन मराठीतच ठेवा

हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण ही चूक फक्त आपल्यासारख्या भाषांतून येणारी माणसं करतात आणि इंग्रजांनी लिहिलेल्या व्याकरणाच्या पुस्तकांत ती सहसा सापडत नाही.

"काका, तुम्ही स्वतःची काळजी घ्या." काका एकच आहेत, 'तुम्ही' आदराचं आहे. इंग्रजीत माणसं मोजायची, मान नाही. एक काका, म्हणून "टेक केअर ऑफ युअरसेल्फ". 'युअरसेल्व्हज' म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटेल काकूंनाही सांगितलं. तसंच "सर स्वतः आले होते": मराठीत क्रियापद अनेकवचनी, पण सर एकच, म्हणून "सर हिमसेल्फ केम". "मॅडमनी स्वतः सही केली": "मॅडम हरसेल्फ साइन्ड इट."

आणखी एक फसवी जागा म्हणजे 'आपण'. मराठी व्याकरणात 'आपण' पुरुषवाचकही आहे आणि आत्मवाचकही. "आपण तलावपाळीला जाऊ" यात तो 'वी' आहे. "आपण बसावं" यात तो आदराचा 'यू' आहे. "तो आपणहून आला" यात तो आत्मवाचक आहे. भाषांतर करायच्या आधी स्वतःला विचारा, हा 'आपण' यांतला कोणता? पहिले दोन असतील तर सेल्फ आणायचं कारण नाही.

पायरी ५: एका वाक्यात दोन माणसं असली की

इथे जरा थांबून वाचा, कारण मराठी इथे सैल आहे आणि इंग्रजी घट्ट.

"मी नेहाला स्वतःची ओळख करून द्यायला सांगितलं." ओळख कोणाची? नेहाची की माझी? मराठीत दोन्ही अर्थ निघू शकतात, संदर्भावरून कळतं. इंग्रजीत ओळख करून देणारी नेहा आहे, म्हणून सेल्फ तिच्याकडेच बघणार: "आय आस्क्ड नेहा टू इंट्रोड्यूस हरसेल्फ." ओळख माझी करून द्यायची असेल तर "आय आस्क्ड नेहा टू इंट्रोड्यूस मी". इथे शेवटी 'मायसेल्फ' येत नाही, जरी वाक्याची सुरुवात 'आय'ने झाली असली तरी. 'टू इंट्रोड्यूस' ही क्रिया नेहाची आहे, माझी नाही.

तसंच 'दॅट'ने जोडलेल्या वाक्यांचं. "रोहन सेड दॅट अमित हॅड ब्लेम्ड हिमसेल्फ": अमितने अमितलाच दोष दिला. "रोहन सेड दॅट अमित हॅड ब्लेम्ड हिम": अमितने दुसऱ्या कोणाला तरी, बहुधा रोहनला. सेल्फ आपल्याच क्रियापदाच्या कर्त्याकडे बघतो. 'दॅट'ची भिंत ओलांडून पलीकडच्या कर्त्याकडे तो जात नाही.

आणि 'एकमेकांना' असेल तर सेल्फ नाहीच. दहीहंडीच्या थरात गोविंदा एकमेकांना धरून उभे राहतात: "द गोविंदाज होल्ड ईच अदर." 'देमसेल्व्हज' म्हटलं तर प्रत्येकाने आपलं आपल्यालाच धरलं असा अर्थ होतो. "दे हेल्प्ड देमसेल्व्हज" याचा अर्थ तर आणखीच वेगळा, त्यांनी आपल्या हाताने वाढून घेतलं, किंवा न विचारता उचललं. मदत एकमेकांना केली असेल तर "दे हेल्प्ड ईच अदर" हेच म्हणा.

पायरी ६: क्रियापदांच्या खोडी

'एन्जॉय'पासून सुरुवात करू. मराठीत आपण "येऊरला खूप एन्जॉय केलं" असं सहज म्हणतो, आणि तेच इंग्रजीत नेतो: "वी एन्जॉइड अ लॉट." इंग्रजीत 'एन्जॉय'ला कर्म लागतं. काय एन्जॉय केलं ते सांगा, "वी एन्जॉइड द ट्रिप", नाहीतर सेल्फ जोडा, "वी एन्जॉइड अवरसेल्व्हज". जाहिरातींत नुसतं 'एन्जॉय!' दिसतं, बोलताना ते चालून जातं, पण पूर्ण वाक्यात कर्म ठेवलेलं बरं.

'अव्हेल'चंही तसंच. "अव्हेल द डिस्काउंट" असं आपल्याकडे दुकानांच्या पाट्यांपासून बँकेच्या पत्रांपर्यंत सगळीकडे छापलेलं असतं. प्रमाण ब्रिटिश पद्धत "अव्हेल युअरसेल्फ ऑफ द डिस्काउंट" अशी आहे. माझा सल्ला विचाराल तर "यूज द डिस्काउंट" म्हणा आणि मोकळे व्हा. 'प्राइड' हा शब्द क्रियापद म्हणून आला की त्यालाही सेल्फ हवाच: "शी प्राइड्स हरसेल्फ ऑन हर कुकिंग."

उलट 'फील'ला सेल्फ लागत नाही. "आय फील मायसेल्फ टायर्ड" चूक, "आय फील टायर्ड" बरोबर. 'रिलॅक्स' आणि 'कॉन्सन्ट्रेट' हेही एकटेच येतात. दाढी, आंघोळ, कपडे यांत मराठी माणूस फारसा चुकत नाही, कारण मराठीतही आपण "स्वतःची दाढी केली" असं म्हणत नाही. नुसतं "ही शेव्ह्ड". हात मोडलेला माणूस पहिल्यांदा आपल्या हाताने कपडे घालू शकला असेल, तर मात्र "ही ड्रेस्ड हिमसेल्फ" म्हणण्याला अर्थ आहे.

पायरी ७: जोर देण्यासाठी सेल्फ

"प्रिन्सिपलनी स्वतः फोन केला": "द प्रिन्सिपल हरसेल्फ कॉल्ड." हा सेल्फ वाक्यातून काढून टाकला तरी वाक्य उभं राहतं, फक्त जोर जातो. ओळखायची खूण हीच. आधीच्या "आई कट हरसेल्फ" मधून 'हरसेल्फ' काढा, आईने काय कापलं ते कळेनासं होईल.

जागा दोन: नावाच्या लगेच मागे, किंवा वाक्याच्या शेवटी. बोलताना शेवटची जागा जास्त सहज वाटते: "आय विल कम मायसेल्फ." पण 'आय' ठेवायचाच. "मायसेल्फ विल कम" होत नाही. जोर देणारा शब्द कर्त्याला टेकू देतो, त्याची खुर्ची घेत नाही.

पायरी ८: 'विथ', 'बिहाइंड', 'इन फ्रंट ऑफ' यांच्यानंतर

नुसती जागा सांगायची असेल तर साधं सर्वनाम. ठाणे-वाशी लोकलच्या गर्दीत बॅग पुढे घ्यायला सांगताना "कीप युअर बॅग इन फ्रंट ऑफ यू". 'युअरसेल्फ' नको. "शी टुक हर टिफिन विथ हर", "लुक बिहाइंड यू", हेही तसंच. पण अव्यय क्रियापदाला किंवा विशेषणाला चिकटलेलं असेल तर सेल्फ येतो: "लुक आफ्टर युअरसेल्फ", "बिलीव्ह इन युअरसेल्फ", "शी इज प्राउड ऑफ हरसेल्फ".

पायरी ९: ऑफिसची मेल तपासा

"ॲज डिस्कस्ड विथ युअरसेल्फ", "प्लीज सेंड द फाइल टू नेहा ऑर मायसेल्फ", "सचिन अँड मायसेल्फ विल अटेंड". परदेशी ग्राहकांशी बोलणाऱ्या कंपन्यांत अशी वाक्यं रोज ऐकू येतात, आणि खरं सांगायचं तर इंग्लंडमधले कर्मचारीही ती वापरतात. तरी काळजीपूर्वक लिहिलेल्या इंग्रजीत ती खटकतात.

दुरुस्ती सोपी आहे. दुसरं नाव झाकून वाक्य वाचा. "सेंड द फाइल टू मायसेल्फ" असं कोणी म्हणेल का? नाही, "सेंड द फाइल टू मी". मग नेहा परत आणा: "सेंड द फाइल टू नेहा ऑर मी". "मायसेल्फ विल अटेंड" होत नाही, "आय विल अटेंड" होतं, म्हणून "सचिन अँड आय विल अटेंड". 'एमई' हा शब्द उर्मट नाही, हे मी वर्गात पुन्हा पुन्हा सांगते. ग्राहकाला 'यू' म्हटल्याने त्याचा मान कमी होत नाही. मान द्यायचा आहे तर "थँक यू फॉर युअर पेशन्स" लिहा, "कुड यू प्लीज" लिहा.

"पीपल लाइक युअरसेल्फ", "ॲज फॉर मायसेल्फ" अशा काही ठरावीक जागी मात्र कर्त्याशिवायही सेल्फ रूढ आहे. तो खोडायच्या भानगडीत पडू नका. "एव्हरीवन शुड इंट्रोड्यूस देमसेल्व्हज" हेही आज सर्वमान्य आहे. प्रत्येक वेळी "हिमसेल्फ ऑर हरसेल्फ" लिहीत बसायची गरज नाही.

आता करून बघा

तुमच्या पाठवलेल्या मेलमध्ये 'सेल्फ' हा शब्द सर्चला टाका. जे वाक्य सापडेल त्यात क्रियापदाखाली रेघ मारा, त्याचा कर्ता शोधा, सेल्फ त्याच्याकडे बघतोय का ते पाहा. बघत नसेल, तर तो काढल्यावर वाक्य टिकतं का ते पाहा. टिकलं तर तो जोराचा आहे. दोन्ही नाही, तर आय, एमई किंवा यू लावा.

मग ही चार मराठी वाक्यं उत्तर न बघता इंग्रजीत करा. एक, "आजोबा, तुम्ही स्वतःला त्रास करून घेऊ नका." दोन, "मी वाशीच्या मार्केटमधून स्वतःसाठी आंब्याची पेटी घेतली." तीन, "सरांनी मला त्यांना फोन करायला सांगितलं." चार, "ती दोघं एकमेकांशी बोलत नाहीत."

पहिल्यात आजोबा एकच, म्हणून 'युअरसेल्फ': "आजोबा, डोन्ट ट्रबल युअरसेल्फ." दुसऱ्यात "आय बॉट मायसेल्फ अ बॉक्स ऑफ मँगोज फ्रॉम द वाशी मार्केट". तिसऱ्यात फोन करणार मी आणि घेणार सर, माणसं दोन, म्हणून सेल्फ नाही: "सर आस्क्ड मी टू कॉल हिम." चौथ्यात "दे डोन्ट टॉक टू ईच अदर". इथे 'देमसेल्व्हज' लिहिलं असेल तर पाचवी पायरी आणखी एकदा वाचा.